फुकट मिळालेली टाकी

साठीला टेकलेल्या बाईला व्हॅन कशाला हवी, असं आमच्या शाळेतल्या निम्म्या स्टाफने सविताताईंना विचारलं आणि उरलेल्या निम्म्यांनी मला. नातवंडं सांभाळायची सोडून डोंगरात जाऊन गाडीत झोपणार म्हणे! मी एकेकाला उत्तर देत बसले आणि स्वतःचंच डोकं पिकवून घेतलं. त्या मात्र शांत. "मेघा, तू कशाला तोंड वाजवतेस? डिझेल त्यांना घालायचंय का?" एवढंच म्हणायच्या.

सविता सुरवाडे म्हणजे आमच्या जळगावच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई. फळ्यावर नर्मदा काढायच्या तर पुस्तकात न बघता, वळणासकट. सारी हयात पोरांना सातपुडा शिकवला, पण स्वतः पाहिला तो एसटीच्या खिडकीतून. माहेर धुळ्याचं. नवरा मोतीलालभाऊ, भुसावळला रेल्वेत फिटर होते, अबोल माणूस. दोघं निवृत्त झाली तेव्हा आता मनसोक्त हिंडायचं असं ठरलं होतं.

पहिल्याच फेरीत डोंगरातल्या एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी खोली फोनवर ठरली होती. दारात पोचल्यावर मालकाने आधार कार्ड हातात घेतलं, आडनाव वाचलं, आणि खोली कालच दुसऱ्याला दिल्याचं त्याला एकदम आठवलं. दुसऱ्या ठिकाणी खोली मिळाली, पण पाण्याची कळशी उंबऱ्याबाहेर आणि तिच्यावर वेगळा पेला. मी असते तर कळशी त्याच्या अंगणात आपटली असती. सविताताई पाणी न पिता परत आल्या. मला म्हणाल्या, "आता मुक्कामाला कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. झोपायला आपली फळी, प्यायला आपलं पाणी. विजेचा खांब नसला तरी चालेल, नळ नसला तरी चालेल, फक्त आडनाव विचारणारं कुणी नको."

म्हणून व्हॅन. नवी परवडणारी नव्हती, तेव्हा जुनी. माझ्या गाडीतून आम्ही तिघांनी जळगाव-धुळे पालथं घातलं, आणि त्या फिरण्यात माझं रक्त किती आटलं ते मलाच ठाऊक. विकणारे सगळे बोलायचे मोतीलालभाऊंशी. पैसे ताईंचे, हौस ताईंची, पण त्यांनी इंजिनाचं विचारलं की उत्तर भाऊंच्या कानात. एकाने तर "मॅडमला कलर दाखवा रे" म्हणून पोऱ्याला हाक मारली. सावद्याला एक गाडी पाहिली, तिच्या फरशीवर केळीच्या चिकाचे काळे डाग पडले होते. मी केळीवाल्यांच्या घरची, मला ठाऊक आहे, तो डाग जन्मात निघत नाही. मालक म्हणे डिझाइन आहे! दुसरी शाळेची व्हॅन होती. ताईंनी मॅट उचलून टाचेने पत्रा दाबला, तर टाच आत गेली.

ताईंची परीक्षा ठरलेली होती. चपला काढून आत जायचं आणि चारचौघांसमोर सरळ आडवं व्हायचं. पाय पुरले तर पुढची बोलणी. लोक हसायचे. हसू देत.

सोनगीरजवळच्या एका खेड्यात मात्र त्या आडव्या झाल्या आणि उठेचनात. गाडी रुपचंद नानांची. ते यात्रेकरूंना फिरवायचे, आता मोठी गाडी घेतली म्हणून ही काढत होते. छत उंच, आत लाकडी फळ्या, शेगडीला कोनाडा, आणि मागच्या दाराशी स्टीलची जाडजूड टाकी, तिला पितळी नळ. मोतीलालभाऊ गाडीखाली शिरले, ग्रीसने माखून बाहेर आले आणि नुसती मान हलवली. त्या माणसाकडून याहून मोठी पावती मिळत नाही.

अडलं ते टाकीवर. नाना हटून बसले. "गाडी तुमनी, मॅडम. पन टाकी मनी शे. माले नवी गाडीमा लागस." ताईंनी टाकीचे वेगळे पैसे देऊ केले. नाही. मग निदान गळते का ते पाहू द्या म्हणाल्या. नानांच्या बायकोने, यशोदाबाईंनी, बोअरचा पाईप ओढून आणला आणि हसत स्वतः धरून अर्धी टाकी भरून दिली. ताईंनी नळ सोडला, ओंजळ लावली आणि पाणी प्यायल्या. "गोड आहे हो," म्हणाल्या. बिनटाकीच्या गाडीचा सौदा ठरला. चहा झाला, पैसे पोचले, कागद पुढे आला.

"नाव सांगा मॅडम."

"सविता मोतीलाल सुरवाडे."

पेन थांबलं. "सुरवाडे म्हंजे... कोन?"

"बौद्ध," ताई म्हणाल्या. जशी वेळ सांगावी तसं.

नाना हसले. नाव लिहिलं, सही केली, किल्ली दिली. हातात नाही दिली, ओट्यावर ठेवली. मग अगदी मोकळ्या मनाने म्हणाले, "टाकी बी लई जा. फुकट लई जा. आते ती आमना काय कामनी?"

मला समजायला एक क्षण लागला. सकाळपासून जी टाकी पैसे मोजूनही सुटत नव्हती, ती एका ओंजळीने फुकट झाली! शिवी दिली असती तर परवडलं असतं, शिवीची तक्रार तरी करता येते. या दानशूरपणाची तक्रार कुठे करायची? माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या. मी पैसे परत मागितले, नको ही गाडी म्हणाले, आणखी बरंच काही म्हणाले. नाना आपले शांतपणे मला म्हणतात, "ताई, मी काय वाईट बोलनू? उलट देत शे."

सविताताईंनी माझा दंड धरला. "गाडी का नको? गाडीने काय केलंय? यांच्यासाठी मी माझी गाडी सोडू?"

मग त्यांनी मोतीलालभाऊंकडे पाना मागितला. भाऊंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि निमूट टाकीचे नटबोल्ट काढले. आम्ही तिघांनी मिळून ती अर्धी भरलेली टाकी उचलली, नेली आणि नानांच्या ओट्यावर, मधोमध, त्यांच्या पुढ्यात ठेवली. माझी कंबर आठवडाभर दुखली, पण असं दुखणं मी पुन्हा घेईन.

"नाना," ताई नानांच्याच बोलीत म्हणाल्या, "टाकी तुमनी. पानी बी तुमना बोअरनं. प्या."

आम्ही निघालो. नवी टाकी ताईंनी जळगावातच करून घेतली आणि त्या पावसाळ्यानंतर दोघं हिंडायला लागली.

पुढच्या एप्रिलमध्ये मी धुळ्याला जात होते. मुद्दाम त्या गावात वळले. खोटं कशाला बोलू, नानांचं तोंड बघायचं होतं. बोअर आटली होती. टँकर आला होता आणि बायकांची झुंबड उडाली होती. टँकरपासून घरापर्यंत यशोदाबाई डोक्यावर हंडा घेऊन खेपा घालत होत्या. टाकी गोठ्याच्या भिंतीशी पालथी पडली होती, तिच्यावर गोवऱ्या रचल्या होत्या. मी विचारलं, हिच्यात का साठवत नाही? त्यांनी ओट्यावर बसलेल्या नानांकडे पाहिलं. "त्यास्ले इचारा," म्हणाल्या आणि पुन्हा रांगेला गेल्या.

मला आसुरी आनंद झाला. तिथूनच ताईंना फोन लावला. त्या शिरपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात कुठेतरी गाडी लावून बसल्या होत्या, मागे भाऊ चहाला हाक मारत होते. मी सगळं रंगवून सांगितलं, आणि हसले.

"हसतेस काय?" त्या एकदम ओरडल्या. त्या दिवशी ओट्यासमोर ज्यांचा आवाज तसूभर चढला नव्हता, त्यांचा फोन मला कानापासून लांब धरावा लागला. "विटाळ त्याचा आणि खेपा तिच्या? तू अजून तिथेच आहेस ना? मग उतर गाडीतून. गोवऱ्या काढ, टाकी सुलटी कर, आणि तिच्यासोबत भरून दे. त्याच्यासमोर!"