भूमिपूजनाचा खड्डा

‘पाणी म्हणजे जीवन’ असं शाळेच्या भिंतीवर रंगवणाऱ्या माणसाला एकदा माझ्या थोरल्या भावाच्या तळमजल्यावर श्रावण काढायला पाठवायला हवं होतं. अख्खा महिना. कपड्यांच्या कपाटासकट.

माझी सगळी नोकरी माती परीक्षणाच्या सरकारी कचेरीत झाली. जमिनीत पुरुषभर खड्डा घ्यायचा, त्यात उतरायचं आणि वरपासून खालपर्यंत मातीचे थर बघून लिहून ठेवायचे, हे माझं काम. बाई खड्ड्यात उतरली म्हणून गावोगावी बघे जमायचे. त्यांचा मला कधी राग आला नाही. राग आला तो आमच्या घरच्या आणि दारच्या शिकलेल्या शहाण्यांचा, आणि तो अजून गेलेला नाही.

दादा शिक्षक. शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत त्याचा आणि वहिनींचा संसार झाला. चार बिऱ्हाडांत नळ एक, तोही पहाटे तासभर. लग्न होऊन आल्यापासून वहिनींनी रोज पहाटे उठून कळश्या भरल्या, बादल्या भरल्या, पिंप भरलं, आणि गुडघे घालवून बसल्या. दादाची निवृत्ती जवळ आली तेव्हा त्याच्यासारख्या काही शिक्षकांनी मिळून सोसायटी काढली आणि लोणी काळभोरच्या पुढे नदीकाठी जागा बघितली. सपाट, काळीभोर, बांधाला चार बाभळी. सेक्रेटरी अर्थातच दादा.

“येऊन बघून जा तुझ्या पद्धतीनं,” तो मला म्हणाला. आमटी पानात वाढून झाल्यावर “मीठ बरोबर आहे ना?” असं विचारतात, तशातलं हे विचारणं होतं. जागा ठरलेलीच होती. मला फक्त छान म्हणायचं होतं.

मी वैशाखात गेले. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा होत्या. दोन गड्यांनी खड्डा घेतला, मी आत उतरले. गुडघाभर खोलीपर्यंत माती काळी होती. त्याखाली तिचा रंग राखेसारखा झाला होता आणि त्या राखेत बोटाच्या पेराएवढे तांबडे, पिवळट ठिपके होते. हे ठिपके म्हणजे गंज. मातीत लोखंड असतं. जिथे हवा खेळते तिथे ते तांबडं राहतं. जिथे पाणी महिनोन् महिने बसून राहतं तिथे माती करडी पडते. मग पाणी उतरलं की मुळांच्या वाटांनी हवा आत शिरते, आणि तेवढ्या जागी गंज चढतो. म्हणजे या जमिनीत दर पावसाळ्यात पाणी गुडघ्याच्या रेघेपर्यंत चढत होतं, मुक्काम करत होतं आणि उन्हाळ्यात निघून जात होतं. खाली घट्ट चिकणमातीचा थर होता, त्यातून ते लवकर झिरपत नव्हतं. ही दलदल नव्हती. दलदल कुणी विकत घेत नाही. ही जमीन दलदलीपेक्षा वाईट, कारण गिऱ्हाईक बघायला येतं त्या उन्हाळ्यात ती अगदी शहाण्यासारखी वागते.

शेजारच्या शेतात म्हैस चारणारा म्हातारा खड्ड्याच्या काठाशी येऊन उभा राहिला होता. “ताई, हितं वाफसाच येत न्हाई,” तो म्हणाला. “गणपती बसल्यावर बी औत घातलं तर रुततंय. समद्यास्नी ठावं हाय.” औत चालेल इतपत ही जमीन वेळेवर सुकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नव्हतं ते फक्त पुण्याहून छत्र्या घेऊन आलेल्या सहा मास्तरांना.

मी त्यांना सांगितलं की दुसरी जागा बघा. नसेल बघायची तर जोतं चांगलं उंच घ्या, भोवती चर खणून पाणी नदीकडे काढून द्या आणि तळमजल्यावर राहायला कुणी जाऊ नका. गणिताचे एक मास्तर खड्ड्यात डोकावले. “पाणी येतं म्हणता, मग दाखवा की. कुठंय?” मी ठिपक्यांवर बोट ठेवलं. ते म्हणाले, “अहो ताई, ठिपक्यांवरून सोसायटीचे निर्णय होत नसतात.” आणि दादा, माझा सख्खा भाऊ, म्हणाला, “ही लहानपणापासून अशीच. चिखलात खेळली आणि नोकरीही चिखलातच शोधली.” सगळे हसले. वहिनी तेवढ्या त्या दिवशी तिथे नव्हत्या. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली बाई होते, आणि कमरेएवढ्या खड्ड्यात उभी राहून ते हसणं ऐकत होते.

परवानग्यांत पावसाळा गेला. भूमिपूजनाला मार्गशीर्ष उजाडला. गुरुजींनी ईशान्येच्या कोपऱ्यात खड्डा घ्यायला सांगितला. तोच कोपरा नदीच्या बाजूचा, सगळ्यांत सखल. गडी गुडघाभर खोल गेले आणि गुडघ्याच्या रेघेवर, मी वैशाखात बोट ठेवलं होतं नेमक्या त्याच रेघेवर, खड्ड्याच्या कडा पाझरायला लागल्या. बघता बघता तळाशी घोटाभर पाणी साचलं. मला वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील.

गणिताच्या मास्तरांनी हात जोडले. “गंगामाई प्रकट झाली!” ते म्हणाले. कुणीतरी लगबगीनं दुसरा नारळ आणला. दादानं जाहीर केलं, “घ्या! आता बोअरचीसुद्धा गरज नाही.” आमच्या या कोरड्या मुलखात पाणी हा जमिनीचा दोष असू शकतो, हे कुणाच्या मनातच येत नाही. विहिरीला पाणी लागलं की गुलाल उधळणारी माणसं आपण. पायाच्या खड्ड्यात पाणी लागलं तरी गुलालच.

वहिनी दुखऱ्या गुडघ्यांनी कशाबशा खाली बसल्या. त्यांनी बोटं त्या पाण्यात बुडवली, डोळ्यांना लावली, आणि त्या रडायला लागल्या. “वन्सं, आता पहाटे उठायला नको हो,” त्या मला म्हणाल्या. मग पदरानं डोळे पुसून त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

मी तो खाल्ला.

इमारत झाली. जोतं इतर कुठेही असतं तेवढंच, वीतभर जास्त नाही. वहिनींच्या गुडघ्यांसाठी दादानं तळमजला घेतला. पहिल्या वर्षी पावसानं ओढ दिली, तेव्हा मला मास्तरांचे टोमणे ऐकावे लागले. दुसऱ्या श्रावणात भिंती कमरेपर्यंत ओल्या झाल्या. गिलाव्यावर मिठासारखी पांढरी पूड फुलली, कपाटातल्या साड्यांवर बुरशी आली, मोरीतलं पाणी जायच्या ऐवजी वर यायला लागलं. आणि वहिनींना दम्याची धाप लागली. आधी पावसाळ्यापुरती, मग दिवाळीपर्यंत, मग बारा महिने.

सोसायटीची सभा भरली. दोष रंगाऱ्याचा ठरला. पुढच्या वर्षी नळ जोडणाऱ्याचा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा रंगाऱ्याचा. ओल धरू न देणारा म्हणे खास रंग लावला, तर तो भिंतीवर पुरीसारखा फुगला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की बाईंना ओलीतून हलवा. दादा म्हणाला, “सेक्रेटरीनंच घर सोडलं तर लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, “लोकांना म्हणायला सवड कुठंय, लोक खोकताहेत!” तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

मग एका भाद्रपदात माझा संयम संपला. माती काढायचं गिरमिट घेऊन मी गेले आणि कुणालाही न विचारता सोसायटीच्या बागेत, गुलाबांच्या मध्ये, ते फिरवायला लागले. संध्याकाळची मंडळी बाकावर बसली होती, दादाही होता. हातभर खाली गेले नाही तोच भोकात पाणी चढलं. गणिताचे मास्तर वाकून म्हणाले, “हो, पण यंदा पाऊसच जास्त आहे.”

गिरमिटाला चिकटलेला चिखल मी मूठ भरून काढला आणि त्यांच्या शेजारी बाकावर थापला. करडा, तांबड्या ठिपक्यांचा. “हे यंदाचं नाही!” मी ओरडले. “हे तुम्ही जन्माला यायच्या आधीपासूनचं आहे! वैशाखात दाखवलं होतं, तेव्हा दात काढलेत!” आणखीही बरंच बोलले. दादाला तो चिखलाचा विनोद शब्दन् शब्द ऐकवला. दादानं खिशातला रुमाल काढला आणि खाली मान घालून तो बाक पुसायला लागला. इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखं मला वाटलं. खरं सांगते, मजा आली.

त्याच तोऱ्यात मी घरात शिरले. वहिनी खिडकीशी कॉटवर बसल्या होत्या, पाठीशी तीन उश्या घेऊन. त्यांनी सगळं ऐकलं होतं. थोडा वेळ त्या नुसता श्वास गोळा करत राहिल्या.

“वन्सं,” त्या म्हणाल्या, “पूजेच्या दिवशी ते पाणी आलं, तेव्हाही हे ठाऊक होतं तुम्हाला?”

“हो,” मी म्हटलं.

“मी तुमच्याकडंच बघत होते हो. यांचं काय, हे कशालाही छान म्हणतात. म्हटलं, मातीतलं घरात कळतं ते एकट्या वन्संना.” त्या थांबल्या, पुन्हा श्वास घेतला. “तुम्ही पेढा खाल्लात, तेव्हा मी यांना म्हटलं, तळमजला घ्या.”

चिखलाचे हात अंगापासून लांब धरून मी तशीच उभी राहिले. वहिनी भिंतीला धरून उठल्या, तांब्या घेतला, आणि मला मोरीपाशी उभं करून त्यांनी माझ्या हातावर पाणी घातलं.