आणेवारीचं शेत

इथे, घरापासून इतक्या लांब, वर्तमानपत्रात 'पैसेवारी' हा शब्द दिसला की अजून मी ती बातमी शेवटपर्यंत वाचते. आमच्या तोंडी ती आणेवारी. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. जेवढं बुडालं तेवढे आणे कमी. नाणी बदलली, आणे गेले, तरी पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटात शब्द तोच राहिला. आणेवारी फार खाली गेली की सरकार त्या वर्षाचा शेतसारा थांबवायचं.

माझी शाळा सातवीत सुटली, त्याच वर्षी खाडीच्या बांधाला खांड पडली आणि खारं पाणी भातात शिरलं. सारा भरायचा तर रोह्याच्या बाजारात बैल विकावे लागणार होते. सगळं पीक बघून आणेवारी लिहिणाऱ्या सर्कलसाहेबांच्या पाहणीवर होतं.

आणि आईने काय करावं? परक्या माणसाला आडवं शेत दाखवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. पाहणीच्या दिवशी सकाळपासून आम्ही दोघींनी पडलेलं भात मूठमूठ धरून, पेंढ्याने बांधून उभं केलं.

शेजारची काकू बांधावरून हसली, "नटवलंस गो! आता सोळा आणे लिवतील बघ."

आई बांधलेला पेंढा सोडायला धावली. तोवर साहेब पोचलेच.

बांधावरूनच म्हणाले, "बारा आणे तरी आहे की."

"नाय साहेब, आत काय नाय," बाबा म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात."

वळता वळता ते थांबले. "इथं पाखरं नाहीत?" त्यांनी हळूच विचारलं.

पिकलेल्या भातावर चिमण्यांचे थवे पडतात, डबे बडवून हात दुखतात. त्या दिवशी एक पाखरू नव्हतं. मला ते तोवर जाणवलंच नव्हतं. जाणवलं तसा भर उन्हात अंगावर काटा आला.

साहेब चपला काढून आत उतरले. चौकोन आखून कापणी झाली, झोडणी झाली. काकूने सूप वाऱ्यावर धरलं. दाणे खाली पडतात तो आवाज आलाच नाही. सगळं फोल खाडीकडे उडून गेलं.

"एक आणासुद्धा नाही," साहेब म्हणाले.

सारा थांबला, बैल राहिले. त्या साहेबांचं नाव मला ठाऊक नाही, पण दिवा लावताना त्यांच्यासाठीही हात जोडते. त्या संध्याकाळी बाबांनी बैल शेतात चरायला नेले, तर दोघेही बांधावरच थबकले. ओढलं, चुचकारलं, तरी आत पाऊल टाकेनात.