आत्याचं नाक

जुने गालिचे फाडून त्यांचा पुन्हा धागा करणाऱ्या त्या कारखान्यात पन्नासेक माणसं होती आणि त्या पन्नासही जणांना एकच बाई आत्या लागत होती. खरी आत्या ती फक्त मुकादमाची. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर "आत्या, तू इथे बस" म्हटलं आणि बाईला बावीस वर्षं पुरेल एवढं नाव मिळालं. तिचा नवरा आत भट्टीवर होता. तो मग ओघानेच आतोबा झाला. स्वतःचं नाव आतोबांना फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं, आणि तेव्हाही ते क्षणभर इकडेतिकडे बघायचे.

आत्याची जागा दाराशी. उंच स्टूल, पत्र्याचं टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, चिमटा आणि दोन खडू, एक पांढरा, एक लाल. ट्रकमधून गालिच्यांच्या गुंडाळ्या उतरायच्या, त्या एकेक करून तिच्यासमोर यायच्या. ती लवेचा झुबका उपटायची, बोटांत चोळायची, चिमट्यात धरून ज्योतीवर न्यायची आणि धूर हुंगायची. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख होते. ते कोणालाही कळेल. खरी मेख पुढे होती. नायलॉन आणि पॉलिस्टर दोन्ही वितळतात, दोन्हींची टोकाला गोळी होते आणि दिसायला दोघं सख्खे भाऊ. फरक सगळा वासात. नायलॉनचा वास ओली पालेभाजी करपल्यासारखा, पॉलिस्टरचा गोडसर. आत्याला तो अर्ध्या मिनिटात कळायचा. नायलॉनवर पांढरी फुली, पॉलिस्टरवर लाल, की पुढची गुंडाळी.

फुली चुकली तर काय होतं ते आतोबांनी पूर्वी एकदा पाहिलं होतं, आत्या आजारपणात रजेवर असताना. भट्टीची आच नायलॉनपुरतीच असते. त्यात पॉलिस्टर गेलं की ते वितळत नाही, जाळीत अडकून बसतं आणि अख्ख्या दिवसाचा माल बाद होतो. तेव्हा आतोबांनी दोन दिवस छिन्नी घेऊन जाळी खरवडली होती. आत्या परत आली त्या दिवशी मालकीणबाई स्वतः दारापर्यंत गेल्या होत्या.

फुली बरोबर असेल तर मात्र जे होतं ते बघून आतोबांना एवढ्या वर्षांनीही नवल वाटायचं. एखाद्या हॉटेलचा गालिचा यायचा, हजारो बुटांनी तुडवलेला, चहा सांडलेला, मधोमध चालून चालून चट्टा पडलेला. ज्या मशीनला सगळे न्हावी म्हणायचे ते त्याची लव भादरायचं. लव धुतली जायची, तिचा रंग उतरवला जायचा, ती पिंजली जायची, भट्टीत जायची. आणि पलीकडे तांदळाएवढे पांढरे दाणे पडायचे. त्या दाण्यांचा नवा धागा व्हायचा, धाग्याचा नवा गालिचा. आतोबा कधीकधी मूठभर दाणे उचलून नुसते बघत उभे राहायचे. एवढ्या लोकांची एवढी ये-जा त्यांच्यावरून झाली आणि दाण्यावर एक डाग नाही! मुकादम म्हणायचा, "आतोबा, मोजताय की काय?"

त्या वर्षी थंडीत आत्याला ताप आला. चार दिवसांत उतरला, पाचव्या दिवशी ती कामावर निघाली. पिशवीत दिव्यासाठी स्पिरिटची नवी बाटली होती, तिचं झाकण बसमध्ये सैल झालं. दोन मिनिटांत सगळी बस नाकाला रुमाल लावून बसली. कंडक्टर ओरडला, "कोणी काय सांडलंय?" आत्याही मान वळवून इकडेतिकडे बघू लागली आणि म्हणाली, "लोकांना काही अक्कल म्हणून नाही." तिच्या मांडीवरची पिशवी ओलीचिंब होती.

शेजारी बसलेल्या आतोबांनी हळूच झाकण घट्ट केलं. उतरल्यावर त्यांनी विचारलं, "अगं, तुला वास आला नाही?"

आत्याने ओली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. कोणाला बोलू नका. येईल परत."

"आणि नाही आलं तर?"

"तर न्हाव्यामागे झाडू मारीन. नाहीतर घरी बसेन. आज तरी मला त्या स्टुलावरून उठवू नका हो."

बावीस वर्षांत तिने असं कधी काही मागितलं नव्हतं. आतोबा मूग गिळून बसले. पण भट्टी त्यांची होती. बायकोला वाचवायचं तर भट्टी बुडणार, भट्टी वाचवायची तर बायकोला दारावरून उठवायचं. त्यांनी तिसराच मार्ग काढला. त्यांच्याकडे एक तवा होता, बरोबर नायलॉन वितळेल एवढाच तापणारा. पॉलिस्टर त्यावर ढिम्म राहतं. तव्याला दर खेपेला दहा मिनिटं लागायची म्हणून दाराशी तो कधीच चालला नसता. ट्रकांची रांग रस्त्याला लागली असती. पण आत्याची फुली पडल्यापासून गुंडाळी न्हाव्यापर्यंत पोचायला दोन-तीन तास जायचे. तेवढ्यात आतोबा येता-जाता प्रत्येक गुंडाळीचा झुबका उपटायचे, कागदात नंबर घालून खिशात कोंबायचे आणि चहाच्या, जेवणाच्या सुट्टीत वीस-वीस झुबके तव्यावर मांडायचे. आतोबा जेवायला येत नाहीत म्हणजे आत्याशी वाजलंय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

पहिल्या दिवशी नव्वद झुबके. एकही चूक नाही. नशीब, असं आतोबा मनात म्हणाले. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी एका जुन्या हॉटेलचा माल आला, अकरा मजले, आणि दर मजल्याला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळा गालिचा घातलेला, वरून सगळे एकाच तपकिरी रंगाचे. आतोबांचं धाबं दणाणलं. एकशेदहा झुबके तव्यावर गेले. जिथे पांढरी फुली होती तो प्रत्येक झुबका वितळला. जिथे लाल होती तो प्रत्येक तसाच राहिला.

नाक नाही, आणि चूक नाही. हे कसं?

चौथ्या दिवशी ते एका खांबाआड उभे राहून बघू लागले. आत्याने झुबका उपटला, चोळला, चिमट्यात धरला, ज्योतीवर नेला आणि कोणाला संशय नको म्हणून धूर हुंगण्याचं व्यवस्थित नाटकही केलं. तिचं ध्यान ज्योतीवर होतं. आतोबांचं तिच्या उजव्या हातावर. झुबका पेटायच्या आधीच तो हात टेबलावरून सरकला होता आणि पांढरा खडू बोटांत आला होता. पुढच्या गुंडाळीला लाल. ज्योत नंतर, खडू आधी. बारा गुंडाळ्या त्यांनी पाहिल्या, बाराही वेळा तसंच. आणि ज्या बाईचा तो हात होता, तिला याचा पत्ताच नव्हता.

आतोबा भट्टीवर परतले खरे, पण त्या दिवशी दोन वेळा त्यांना आवाज देऊन जागं करावं लागलं.

रविवारी दुपारी आत्या कपडे धुवायला बसली. आतोबांच्या पँटचा खिसा तिने उलटा केला, आणि झुबके, नंबर घातलेले कागद सगळं बादलीत पडलं. ते बघून तिला धक्का बसला नाही. ती नुसती म्हणाली, "आज जरा जास्तच आहेत."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"तुमचे खिसे मी धुते, दुसरं कोण धुणार? पहिल्याच दिवशी कळलं. म्हणून तर बसले होते निर्धास्त. आपण कितीही चुकलो तरी मागे तुम्ही आहात." तिने हात पुसले. "खरं सांगा. किती चुकल्या?"

"आठवडाभरात पाचशे सत्तर गुंडाळ्या," आतोबा म्हणाले. "एकही नाही."

आत्याचा चेहरा लाल झाला. "माझी कीव करू नका! मी नुसती अंदाजाने फुल्या मारतेय. मला काही कळत नाही, काही म्हणजे काही!"

मग आतोबांनी तिला खडूचं सांगितलं. तिने बादलीतला एक झुबका उचलला, पिळला, बोटांत चोळला, डोळे मिटले, पुन्हा चोळला. कितीतरी वेळ. शेवटी तो खाली टाकला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाही हो कळत. आणि समजा हातालाच कळत होतं, तर मग एवढी वर्षं हे नाक काय करत होतं?"

आत्याने डोळे पुसले आणि म्हणाली, "उद्या मी बाईंना सांगणार. तुम्ही उपाशी राहून माझी नोकरी करायची, हे मला नको."

सोमवारी तिने सांगितलं. सगळ्यांसमोर, दाराशीच. मालकीणबाई मितभाषी होत्या. त्यांनी आतोबांचंही ऐकून घेतलं, पाचशे सत्तरचा आकडा दोनदा विचारला आणि दिवा उचलून मुकादमाच्या हातात दिला. "आत्या, आता याच्याशिवाय करून दाखवा. आतोबा, तवा इथे आणा."

काम सोडून सगळे गोळा झाले. आत्याने पहिला झुबका उपटला, चोळला, आणि तिचा हात तिथेच थांबला. ना पांढऱ्याकडे, ना लालकडे. ती बोटांकडे बघत राहिली. मुकादमाने मान खाली घातली. आतोबांना वाटलं, तोंड उघडून आपण हिचं वाटोळं केलं.

तेवढ्यात बाहेरून ट्रकवाल्याने हाक दिली. त्याला आतलं काही माहीत नव्हतं. "ओ आत्या! तो गालिचा तपासताय की त्याचं लग्न ठरवताय? मला आज घरी जायचंय!"

आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तू आधी ट्रक सरळ लावायला शीक!" ती गरजली. "गेल्या खेपेला कठडा पाडलास तो कोणाच्या बापाने बांधला? भिजलेला माल आणतोस, दोऱ्या सोडत नाहीस, आणि वर तोंड करून मला घाई करतोस?" तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. मान दाराकडे, डोळे ट्रकवाल्यावर. आणि इकडे टेबलाशी तिचा हात चालू झाला. झुबका, चोळणी, पांढरी फुली. झुबका, चोळणी, पांढरी फुली. मग लाल. मग पुन्हा पांढरी. माणसं न बोलता एकेक गुंडाळी पुढे सरकवत होती, आणि तिला ते दिसतही नव्हतं.

आतोबांनी चार झुबके ओळीने तव्यावर मांडले. मालकीणबाई वाकून बघू लागल्या. पहिला आकसला, चकाकला, वितळला. दुसरा वितळला. चौथा वितळला. तिसरा, लाल फुलीचा, होता तसाच बसून राहिला.

मालकीणबाई सरळ झाल्या. "हिला मध्येच थांबवू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि मुकादमाच्या हातातला दिवा घेऊन आत गेल्या.

आतोबा तवा बंद करायचं विसरले. एकतीस वर्षांचा संसार. ते हात त्यांनी पोळलेले पाहिले होते, भेगाळलेले पाहिले होते, भांडणात समोर नाचताना पाहिले होते. आपल्याला ते पुरते ओळखीचे आहेत असं ते समजून चालले होते. आज त्यांना त्या हातांची चक्क भीती वाटली, खूप उंच काहीतरी समोर आल्यावर वाटते तशी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

आत्या अजून ट्रकवाल्याला झापतच होती. आता त्याच्या मेहुण्यापर्यंत पोचली होती.