खिडकीतले शेंडेनक्षत्र

१९३४ सालचा वैशाख अर्धा सरला, तेव्हा हारुन तांडेलाचे गलबत तांदळाने भरून मिरकरवाड्याच्या बंदरात उभे होते आणि त्यावर चढायला खलाशी तयार नव्हते. तांदूळ बुरोंडीच्या लोकांचा होता. समुद्र एकदा बंद झाला की पावसाळा संपेपर्यंत तिकडे गलबत लागत नाही. ही बेगमी आत्ता पोचली तर पोचली. वारा दक्षिणेकडे झुकू लागला होता, लाटांना लांब, जड हेलकावा आला होता. खलाशी मात्र समुद्राला भ्याले नव्हते. ते भ्याले होते रावजी मयेकराच्या दुकानाच्या खिडकीतल्या एका फोटोला.

रावजीचे फोटोचे दुकान रामआळीत. त्याने काढलेल्या फोटोत नवरदेव असेल त्यापेक्षा उंच दिसतो, अशी त्याची ख्याती. एका निवृत्त बंदर अधिकाऱ्याच्या लिलावातून त्याने पितळी दुर्बीण घेतली होती. तिला आपला कॅमेरा जोडून तो मागल्या अंगणातून काचांवर आकाशाचे फोटो घेई. त्यांतल्या एका काचेवरून छापून खिडकीत लावलेल्या फोटोत, खालच्या कोपऱ्यात, पांढरा गोळा आणि त्यामागे लांब वळलेले शेपूट उमटले होते. शाळेतल्या मास्तरांनी त्याला नवा धूमकेतू ठरवले. एका निवृत्त कारकुनाचे म्हणणे पडले की भिंगावर पाखरू बसले असावे. रावजीने त्याला पुन्हा दुकानाची पायरी चढू दिली नाही. मुंबईच्या एका साप्ताहिकाने रावजीला ‘संशोधक’ म्हटले. तो शब्द त्याने कातरून चौकटीत बसवला.

“नुसत्या डोळ्याला दिसत नाही, म्हणजे तो अजून लांब आहे,” असे मास्तरांनी लोकांना समजावले.

“म्हणजे येतोय,” असे खलाशांनी त्यातून घेतले. मागे शेंडेनक्षत्र दिसले त्या साली वैशाखात बाहेर पडलेले एक गलबत परतले नव्हते. त्यावरच्या माणसांची घरे मिरकरवाड्यात अजून होती.

पण रावजीच्या खणात आणखी एक काच होती. ती त्याने कोणालाच दाखवली नव्हती. दुर्बीण आकाशाच्या अगदी दुसऱ्या बाजूला वळवून घेतलेली ती काच. तरी तोच गोळा, तेच शेपूट, तोच कोपरा. आकाशातली वस्तू आकाशात राहते, कॅमेऱ्याच्या मागे मागे फिरत नाही. एवढे त्याला कळत होते. कळूनही त्याने खण लावून घेतला होता.

त्या दुपारी हारुन दुकानात आला. बसला नाही.

“रावजीभाऊ, उद्या दुपारच्या ओहोटीला मी निघतो.”

“माणसं तयार झाली?”

“मी आणि माझा भाऊ मुसा.”

“अरे, दोघांना शीड आवरेल काय?”

“एक दोरी तुमचा तारा धरील की.” हारुनने खिडकीकडे पाहिले. “ते खरंच आभाळात आहे काय, एवढंच सांगा. आहे म्हणालात तर मी परत विचारायचा नाय.”

रावजीला खणातली काच आठवली. डाग कॅमेऱ्यातच कुठेतरी असणार. तो आत गेला आणि त्याने कॅमेऱ्यात काच बसवायची चपटी लाकडी पेटी उचलली. तिचे सरकते झाकण ओढताच उंडीच्या तेलाचा उग्र वास आला. हा वास घरात सगळीकडेच होता. म्हणूनच तो इतके दिवस त्याच्या नाकाला जाणवला नव्हता.

“याला तेल कोणी लावलं?”

“मी,” त्याची बायको गंगा म्हणाली. “गुढीपाडव्याला दारं, पाट, पेट्या सगळ्यांना लावलं ना? पावसात लाकूड फुगतं, झाकण अडतं, म्हणून तुम्हीच ओरडत होतात.”

“कसं लावलंस, दाखव.”

गंगेने कोरडे फडके झाकणावर आधी दाबले आणि मग एका दमात वळवून ओढले. आधी गोळा, मग शेपूट. रावजीने पेटी तिच्या हातातून काढून घेतली. ताज्या लाकडाशेजारी ठेवलेल्या काचा अंधारातच काळवंडतात, हे त्याने मुंबईत उमेदवारी करताना ऐकले होते. तेलाचेही तसेच असावे. असावे, सिद्ध कुठे झाले होते?

बंदरावर त्याने खलाशांना सगळे सांगितले, खणातल्या काचेसकट. शिवा हा त्यांच्यातला बोलका.

“काल नक्षत्र, आज तेल,” शिवा म्हणाला. “तुमची एक काच बघून आम्ही भ्यालो, फोटोवाले. आता दुसरी बघून धीर धरायचा?”

प्रश्न रास्त होता. रावजीने बरोबर आणलेली पेटी पुढे केली. “काच माझी, खूण तुझी,” तो म्हणाला. “या झाकणाच्या आतून तेलाच्या बोटाने तुला हवं ते काढ. मला दाखवू नकोस.”

शिवाने पाठ वळवून बोट फिरवले. मग दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत, त्याच्यासमोर, रावजीने कोरी काच चाचपून पेटीत बसवली. पेटी शिवाने पंच्यात गुंडाळून स्वतःच्या घरी नेली. कॅमेऱ्याचा संबंधच उरला नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागायच्या आधी रावजी, शिवा आणि हारुन त्याच खोलीत उभे होते. लाल दिव्याखाली काच औषधात बुडाली. धूमकेतू रावजीने गमावलाच होता; काही उमटले नाही तर त्याचा शब्दही गेला असता. आणि हारुन मुसाला घेऊन तसाच निघाला असता. रावजी थाळी हलवत राहिला. काच कोरीच होती. बाहेर मुसा हाका मारत होता.

मग कोपऱ्यात डाग धरू लागला. गोळा, शेपूट. आणि मधोमध, अगदी सावकाश, दोन बाकदार फाळ आणि एक दांडा.

“माझा नांगर,” शिवा म्हणाला.

“वाकडा काढलास,” हारुन म्हणाला आणि दार उघडून बंदराकडे चालू लागला.

सगळेच खलाशी आले असे नाही. रघू आला नाही. जे नक्षत्र तेलात उतरते ते पाण्यातही उतरेल, हे त्याचे म्हणणे कोणाला खोडता आले नाही. बाकीच्यांना घेऊन गलबत ओहोटीबरोबर बाहेर पडले. त्या आठवड्यात रावजीने एकही फोटो धड काढला नाही. साप्ताहिकाला त्याने खुलासा पाठवला. तो छापून आला नाही. गलबत परत दिसले तेव्हा समुद्र गढूळ झाला होता. ते किनाऱ्यावर ओढायला रावजी स्वतः दोरीला लागला, आणि शेजारची दोरी रघूच्या हातात होती.

खिडकीत पुढे नांगराची काच लागली. एकदा मास्तरांनी ती बराच वेळ न्याहाळली आणि विचारले, “हे वृश्चिक का हो?”

“शिवाचं बोट,” रावजी म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला मान सरळ ठेवायला सांगितली.