माकडटोपीतला वसंता

पहाटे वसंताच्या नंबरावरून फोन आला आणि समोरचं काही ऐकून न घेता मी ओरडलो, "थांब न बे, बूट घालून राहिलो." फिरायला निघायची आमची ती रोजचीच वेळ. पलीकडे शोभावहिनी होत्या. त्यांनी माझं ओरडणं संपू दिलं आणि मग हळूच म्हणाल्या, "भाऊजी, हे झोपेतच गेले..." एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल अशा अवतारात मी सेक्टर दोनमधल्या त्यांच्या क्वार्टरवर पोचलो. दुःखातही माणूस हास्यास्पद दिसू शकतो, याचा मी पुरावा.

वसंता आणि मी दोघंही भंडाऱ्याकडचे. भिलाईच्या पोलाद कारखान्यात सोबत लागलो, सोबत रिटायर झालो. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, याला बर्फाचं शिखर चढायचं होतं. तेही हृदयात स्टेंट बसवल्यावर. डॉक्टरांनी जिने कमी चढा म्हटलं, तर हा त्यांनाच म्हणाला, "जिंदगीभर भट्टीचे जिने चढलो, तेव्हा कोनी नाही रोकलं मले." भिलाई सपाट, चढ आणायचा कुठून? मग पाठीवरच्या पिशव्यांत विटा भरून आम्ही ब्लॉकचा जिना वर-खाली करायचो. वरच्या मजल्यावरच्या बाईंना बरेच दिवस वाटत होतं, आम्ही गच्चीवर चोरून खोली बांधतोय. माझ्या बायकोने तर निघेपर्यंत अबोला धरला.

उत्तराखंडातल्या त्या चढावर आधी बसलो तो मीच. वसंता चार पावलं टाकायचा, थांबायचा, पुन्हा चार पावलं. गाईड परत फिरा म्हणाला, वसंतानं नुसती नाही म्हणून मान हलवली. मी त्याला अडवलं नाही... अडवायलाही दम लागतो. दोघंही वर पोचल्यावर तो बराच वेळ बर्फाकडे पाहत राहिला. "इथं कोनत्याच पाळीचा भोंगा आयकू येत नाही बे," एवढंच बोलला. तिथला एकच फोटो आहे, मी काढलेला. माकडटोपी, धापेनं उघडं पडलेलं तोंड, आणि अर्ध्या हिमालयावर माझा अंगठा.

त्यानंतर दोन वर्षं तो मजेत जगला. तेरवीला वहिनींनी हार घालायला तोच फोटो काढला आणि वहिनींचे थोरले भाऊ अडून बसले. ज्या पहाडानं माणूस खाल्ला त्याचा फोटो भिंतीवर नको, कारखान्याच्या ओळखपत्रातला लावा, आणि ज्यांनी त्याला तिकडं नेलं... असं म्हणून ते माझ्याकडे वळले. सगळी खोलीच वळली. मी माफी मागावी, अशी सगळे वाट पाहत होते. एरवी मी भाजीवालीशीही घासाघीस करायला घाबरतो. पण त्या दिवशी उठलो. म्हटलं, "पहाडानं नाही नेलं त्याले. पहाडावरून तो सोताच्या पायानं उतरला. मले पस्तावा नाही. आज असता तर आमी परत गेलो असतो."

वहिनींनी तो फोटो खिळ्याला टांगला आणि तोंड झाकू नये म्हणून हार थोडा बाजूला सारला. महिना उलटला, बैठकीत वसंता अजून तसाच धापा टाकतोय...

त्या दिवशी तेरवीहून परत येताना स्कूटरवर बायको गप्प. पाव्हण्यांसमोर आवाज चढवला, आता घरी माझी खैर नाही, असं धरून चाललो होतो. रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा मागून म्हणाली, "तुमी अजून जरासे चूप बसले असते न, तर मीच उठनार होती."