भिडेचा तुकडा

बुआफानने नवरासुद्धा भिडेखातर केला. त्याच्याकडची माणसं तिला बघायला ट्रकच्या मागे बसून, भर उन्हात, तांदळाचं पोतं घेऊन आली होती. एवढ्या लांबून आलेल्यांना नाही कसं म्हणायचं, म्हणून ती हो म्हणाली. नवरा चांगला निघाला, हे तिचं नशीब. केस कापणारीच्या बाबतीत तेवढं नशीब नव्हतं. वीस वर्षं ती बाई हिच्या डोक्याची वाट लावतेय, आणि ही दर महिन्याला तिच्याचकडे जाते. दुसरीकडे गेलं तर बाईला वाईट वाटेल ना!

आमच्या खोन केन शहराच्या जुन्या बाजारात बुआफान शाळेच्या शर्टांवर पोरांची नावं भरते, निळ्या दोऱ्याने. समोर माझं चपलांचं दुकान. एकतीस वर्षं आम्ही एकमेकींची तोंडं पाहतोय. मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणजे तिची ताई. तेव्हा तिचे निर्णय मी घेते. कुणीतरी घ्यायला नकोत का?

यंदा शाळा सुरू झाल्या, शर्टांची घाई सरली, आणि तिच्या मुलाचा, गोल्फचा, बँकॉकहून फोन आला. बायको पुन्हा कामावर जाणार, बाळाला सांभाळायला ये, शिलाई मशीन विकून कायमचीच ये. महिन्याने शनिवारी संध्याकाळी फोन करतो, तेव्हा नक्की सांग.

मी लगेच ठरवलं, ती जाणार नाही. चौदाव्या मजल्यावर बसून करणार काय? नवरा गेला तेव्हा नऊ दिवस तिच्या घरी कोण झोपलं होतं? मी. महिनाभर मी तिला समजावलं आणि महिनाभर तिने मान डोलावली. पण मुलाला नाही म्हणायची वेळ आली की ही कच खाणार, याची मला खात्री होती. म्हणून त्या शनिवारी ऊन उतरल्यावर मी तिला तळ्याकाठी चिम-चुम खायला नेलं. गरम रश्श्यासमोर माणसाला जरा धीर येतो.

कोळशाच्या शेगडीवर मातीचं मडकं आलं, गवती चहाचा वास सुटला. मी नेहमीचंच मागवलं: डुकराचं मांस, कोळंबी, कोबी, शेवया आणि कलेजी दोन प्लेट, कारण बुआफानला कलेजी लागते.

"चल, मी गोल्फ," मी म्हटलं. "आई, येतेस ना?"

"बाळ कसंय रे?"

"बाळाचं नाव काढायचं नाही! नाही म्हण."

"बरं." तिने माझ्या वाटीत मांस वाढलं. "नाही... म्हणजे, बघते."

"बघते नाही, नाही! आयुष्यात एकदा तरी मनातलं बोल गं बाई!"

मी कलेजी बुडवून तिच्या वाटीत टाकत गेले, ती मुकाट्याने गिळत गेली. शेवटी थाळीत एकच कोळंबी उरली. ती भिडेची. आमच्यात शेवटच्या तुकड्याला कुणी हात लावत नाही. आम्ही दोघी असलो की तो मांजराचाच.

"खा गं कुणीतरी, शेवटचा तुकडा खाणारीला देखणा नवरा मिळतो!" मालकीण जाता जाता ओरडली.

तेवढ्यात फोन वाजला. बुआफानने माझ्याकडे पाहिलं. मी मूठ आवळून दाखवली.

"हो रे," ती फोनमध्ये म्हणाली. "येते. पुढच्या रविवारी ये न्यायला. मशीनचं गिऱ्हाईक मी महिन्यापूर्वीच बघून ठेवलंय."

तिने फोन ठेवला तशी मी सुटले, "झालं! पुन्हा भिडेला बळी पडलीस! मुलाला एक नाही म्हणता येत नाही?"

"मुलाची कसली भीड, ताई?" ती हळूच म्हणाली. "मला जायचंच होतं. पहिल्या दिवसापासून. नातवाला मांडीवर घ्यायचंय गं. तू रोज राहा, राहा म्हणत होतीस; तुला नाही कसं म्हणायचं?"

मग तिने ती कोळंबी उचलली, मडक्यात बुडवली, फुंकर घातली आणि खाऊन टाकली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"आणखी एक सांगू?" ती म्हणाली. "मला कलेजी आवडत नाही."

मला रडू आलं. ती जाणार म्हणून आलं आणि त्या सगळ्या कलेजीसाठीही आलं. धुराने डोळे चुरचुरतात असं म्हणून मी बाहीने पुसले. रस्सा अजून उकळत होता. मी मालकिणीला हाक मारली आणि बुआफानकडे वळले.

"काय मागवू?" मी विचारलं. तिला हे मी आजवर कधीच विचारलं नव्हतं.

"तू म्हणशील ते, ताई," ती म्हणाली, आणि तिने जीभ चावली.