बोर्डावरचे बगळे

निंबर्ग्याच्या तळ्याकाठी राजूबाईचं रान. तीस वर्षं दर हिवाळ्यात तिथं करकोचे उतरतात आणि तीस वर्षं ती त्यांना शिव्या देत आलीय. पण त्यांची रीत तिला सुनेच्या रीतीपेक्षा जास्त ठाऊक. सकाळी भुईमूग काढलेल्या रानात सांडलेले दाणे टिपायचे, ऊन चढलं की तळ्याच्या उथळ पाण्यात जाऊन उभं राहायचं. चरताना एकजण मान वर करून राखण करणार म्हणजे करणारच.

यंदा शहरातून पक्षिप्रेमी आले. आधी त्यांनी कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत बोर्ड ठोकला. कन्नडात बगळाही कोक्करे आणि करकोचाही कोक्करे. मराठी करणाऱ्या विद्वानानं लिहून टाकलं, 'बगळ्यांना त्रास देऊ नका.' मग त्यांचे अध्यक्ष पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, कॅमेरा घेऊन, राजूबाईच्या फुलोऱ्यातल्या हरभऱ्यात दबा धरून बसले. राखणदार करकोच्यानं ते पांढरं बुजगावणं पाहिलं, आरोळी दिली आणि सगळा थवा उडाला.

"अक्का, तुम्हीच हाकललंत त्यांना!" गोफण घेऊन धावत आलेल्या राजूबाईवर अध्यक्ष ओरडले.

राजूबाईनं चिरडलेल्या हरभऱ्याकडं पाहिलं. "सायेब, पाखराला कळतंय काढलेल्या रानात उतरावं. तुमी उभ्या पिकात कामून बसलाव?"

"बोर्ड वाचता येतो का?"

"चौथी शिकलेय की. बराबर लिवलंय. करकोचे गेले, बगळा तेवढा बसून हाय. म्हनून तर गोफण खाली ठिवली."